कान

चौथ्या चकतीवरून पाचवीवर जाताना ती अडखळते.
टक्. मग पुन्हा टक्.
साखळी दोन चकत्यांच्या मधे उंबऱ्यावर उभी,
आत येत नाही, निघूनही जात नाही.

तीन दिवस मी तारेचा स्क्रू पिळते आहे.
पाव फेरा डावीकडे, पाव उजवीकडे.
वरचं सुधारलं की खालचं बिघडतं.
नवी तार ओवली, जुनी झिजलेली नव्हती तरी.
चकत्यांतली घाण दात घासायच्या ब्रशनं काढली,
घरात कुणाच्या ब्रशनं, ते सांगत नाही.
सायकल काही ऐकत नाही.

अस्मारात, ताडांच्या मोठ्या रस्त्यामागे,
कॉफीच्या वासात जिथे ग्रीसचा वास मिसळतो,
तिथे अबॉय मेआशो बसतात.
(अबॉय म्हणजे बाप. ते सगळ्या सायकलींचे आहेत.)
एक दार, एक बाक,
आणि छताला टांगलेली बेवारशी चाकं.

"ऐकत नाही," मी म्हटलं.
त्यांनी स्क्रूला बोट लावलं नाही.
मागे उकिडवे बसले, एक डोळा मिटला,
सुईत दोरा ओवताना मिटतात तसा.
"ऐकेल कशी? कान वाकलाय."

फ्रेमच्या मागे, उजवीकडे, खरंच एक कान असतो.
अंगठ्याएवढा. त्याच्या भोकात
डिरेलर लटकतो, जड डुलासारखा.
पाच वर्षं ही सायकल पुसते मी,
तो कधी पाहिला नव्हता.

"कधी पडलीस, रिगात?"
"नाही पडले."
ते काही बोलले नाहीत. एक चाक खाली उतरवलं,
त्याच्या आसाचं टोक कानात फिरवत बसवलं.
आता दोन चाकं शेजारी शेजारी,
एक माझं, एक उपरं.
वर दोघांत चार बोटं अंतर, खाली जेमतेम दोन.
"बघ," म्हणाले, "ह्याला खोटं बोलता येत नाही."

मग सांगितलं.
नेफासितच्या वरच्या वळणावर, धुक्यात,
एक बबून रस्त्याच्या मधोमध बसला होता
टोल घ्यायला बसल्यासारखा.
संघात जागा चार, मुली पाच.
म्हणून कुणाला बोलले नाही,
क्सानेतला तर मुळीच नाही.

त्यांनी उपऱ्या चाकाची धाव दोन्ही हातांत धरली,
वर दाबत, खाली ओढत,
सावकाश, मोजून मापून, शाळेत मास्तर पिळत तसा नाही.
"हा मुद्दाम मऊ धातूचा करतात.
हा वाकतो, म्हणून फ्रेम वाचते.
एकदा सरळ होतो. दुसऱ्यांदाही, नशीब असलं तर."
तिसऱ्यांदाचं त्यांनी सांगितलं नाही.

मग माझी चकत्यांची माळ पाहून हसले.
सगळ्यात मोठीला तेवीस दाते.
पोरं हीच लावतात, म्हणून मीही.
"रविवारी समुद्रापासून वर यायचंय ना?
घिंडा सोडलं की रस्ता आकाशातच जातो."
त्यांनी पेटीतून अठ्ठावीसची काढली, वापरलेली,
साखळीत दोन कड्या वाढवल्या.
"हे म्हाताऱ्यांचं गिअर आहे," मी म्हटलं. "हसतील."
"हसू दे. त्या चढावर
हसायला कुणाकडे श्वास उरतो, ते मोजून ये."

पेडल हातानं फिरवलं.
साखळी चौथीवरून पाचवीवर गेली.
एवढंच. गेली.
आवाज नाही, म्हणून मला वाटलं गेलीच नाही.

पैसे नंतर, म्हणाले. आधी कोपर दाखव.
मी लांब बाहीच्या जर्सीत होते, चार दिवस,
दुपारच्या उन्हातसुद्धा.
खपली जर्सीला चिकटली होती,
सोडवताना डोळ्यांत पाणी आलं.
त्यांनी एक डोळा मिटून तिच्याकडेही पाहिलं,
मान हलवली: हे सरळ आहे.

निघताना बाही खाली ओढणार होते.
नाही ओढली.
कोपऱ्यावर क्सानेत भेटली, कॉफी पीत.
तिनं आधी चकत्या पाहिल्या, मग कोपर.